चारपैकी दोन दिवे

पेटीत आठ बॅटऱ्या होत्या. सहा सपाट, दोन फुगलेल्या.

अश्लेषानं त्या पुन्हा एकदा मोजल्या, खांद्यावरची बॅग न उतरवताच. अकोल्याची बस तिला राजापेठेत सोडून गेली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्या उन्हातून ती चालत घरी आली, दारात चपला काढल्या, आईनं पुढं केलेला पाण्याचा पेला अर्धाच पिऊन ओट्यावर ठेवला आणि थेट मागच्या खोलीत शिरली. दहा दिवस ती अकोल्याजवळच्या एका मैदानावर ड्रोन उडवायला शिकत होती, आणि रोज संध्याकाळी मावशीच्या घरी परतल्यावर तिच्या डोक्यात ही पेटी असायची.

पेटी पत्र्याची होती. आत फरशीचे तुकडे उभे लावून तिनंच कप्पे पाडले होते, म्हणजे एखादीनं पेट घेतलाच तर शेजारणीला झळ लागू नये. ही घरातली सगळ्यात गार खोली. भिंत उत्तरेची, तिच्यावर शेजारच्या इमारतीची सावली. पेटी कुठं ठेवायची ते तिनं मागच्या उन्हाळ्यात चारही कोपऱ्यांत थर्मामीटर ठेवून ठरवलं होतं.

फुगलेल्यांपैकी एकीच्या पोटावर तिनं अंगठा टेकवला. तव्यावर फुगू लागलेल्या फुलक्यासारखं मऊ लागलं. तिनं अंगठा काढून घेतला आणि ओढणीला पुसला.

मग ती एकेक बॅटरी उचलून कडेचं बटण दाबत गेली. प्रत्येकीवर चार बारीक हिरवे दिवे होते. जाताना तिनं प्रत्येकीचे दोनच दिवे लागतील एवढ्यावर आणून ठेवलं होतं. आता सगळ्यांचे चारही लागत होते. खात्रीसाठी तिनं छोटा मीटर लावला. ४.१७. ४.१८. ४.१७. प्रत्येक सेल जवळजवळ काठोकाठ.

हे गणित ती घरात सगळ्यांना सांगून थकली होती. सेलमागं ४.२० व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. उद्या उडवायचं असेल तर एवढी भरायची. पण भरलेल्या बॅटरीतलं रसायन स्वस्थ बसत नाही. गारव्यातही नाही, आणि अमरावतीच्या वैशाखात तर नाहीच. आतल्या आत वायू धरतो, पिशवी फुगते, आयुष्य सरतं. अगदी रिकामी ठेवली तर ती पुन्हा उठतच नाही. म्हणून विसावा द्यायचा तर मधल्या आकड्यावर, ३.८५ वर. चारपैकी दोन दिवे. अशी बॅटरी महिना-दोन महिने पडून राहिली तरी तिचं काही बिघडत नाही.

"आली का? कसं झालं गं ट्रेनिंग?"

सोहम दारात उभा होता. बोटात स्कूटरची किल्ली गरगर फिरत होती. तिचा हा भाऊ तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. गेले दोन हंगाम दोघं मिळून शेतांवर ड्रोननं फवारणी करत होती: तो उडवायचा, ती बॅटऱ्या सांभाळायची.

"ह्या कोणी भरल्या?"

"काय?"

"दादा, ह्या सगळ्या कोणी भरल्या?"

त्यानं पेटीत डोकावून पाहिलं. किल्ली थांबली. फुगलेल्या दोघींवर त्याची नजर जरा रेंगाळली.

"मीच भरल्या असणार ना," तो म्हणाला. "मी सोडून इथं कोण हात लावतं त्यांना?"

"मी जाताना काय सांगून गेले होते?"

"अर्ध्या ठेव. ठेवल्या असत्या. पण उद्या कोणाचा फोन आला तर काय सांगू? काका, थांबा दोन तास, बॅटरी जेवून राहिली आहे?"

"आला का फोन? महिनाभरात एक तरी आला?"

"येते ना. यायचा असला की येते." किल्ली पुन्हा फिरू लागली. "तुझं हे अर्धं-अर्धं मला समजतच नाही अशू. गाडीत पेट्रोल कोणी अर्धं ठेवते का? भरलेली असली की बरं वाटते. कधीही निघता येते."

"पेट्रोल टाकी फोडत नाही."

"बरं बाई. तू म्हणशील ते."

हे तो नेहमीच म्हणायचा. दोन हंगामांत त्यानं स्वतःहून एकदाही बॅटरी विसाव्याच्या आकड्यावर आणली नव्हती. ते काम वेळखाऊ होतं. चार्जरला उलटं लावून, आतली वीज हळूहळू उतरवत, तापते का ते हात लावून पाहत शेजारी बसून राहावं लागायचं; आणि बसून राहणं सोहमला जमत नसे. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय हलत असायचा.

अश्लेषानं अंगणातल्या जिन्याखाली लोखंडी घमेलं ओढलं, त्यात कोपऱ्यातली वाळू भरली आणि फुगलेल्या दोन्ही बॅटऱ्या हलक्या हातानं वाळूत पुरल्या. तेवढ्यात मोपेड फाटकातून आत आली. मोरोपंतांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, हँडलला अडकवलेली पूजेची पिशवी काढली आणि घमेल्याकडे पाहिलं.

"ही माझी होमाची वाळू आहे ना?"

"हो बाबा. ह्या पेट घेऊ नयेत म्हणून घेतली."

"वा! आम्ही अग्नी पेटावा म्हणून ह्याच वाळूचं स्थंडिल घालतो, आणि तू पेटू नये म्हणून." त्यांनी कपाळाचा घाम उपरण्यानं टिपला. "चाळून परत दे हं. चार दिवसांनी वास्तुशांत आहे. कोणाच्या नव्या घरात तुझ्या त्या रसायनानं स्फोट नको व्हायला, मुहूर्त मी काढून दिला आहे."

*

संध्याकाळी जेवताना आमरस होता. सरोजिनीबाईंनी मुलीच्या वाटीत दुसऱ्यांदा वाढला आणि तिसऱ्यांदा पळी पुढं केली.

"आई, बास."

"घे गं. मावशीकडे काय खाल्लं असशील! आणि हो, तुझ्या त्या पेटीचं मी केलं बरं का सगळं."

अश्लेषाचा हात वाटीवर तसाच राहिला. "काय केलं?"

"अक्षय तृतीयेला गं. पितरांची घागर भरली. मग मिठाचा डबा, तांदळाचा डबा, पाण्याची टाकी. त्या दिवशी घरात काही उणं ठेवू नये ना. सगळ्यांचे फोनसुद्धा पूर्ण भरून ठेवले. मग म्हटलं, पोरीची पेटी बघावी. बघते तर सगळ्यांचे दोनच दिवे! म्हटलं, ट्रेनिंगच्या घाईत पोर अर्धवटच टाकून गेली. दिवसभर दोन-दोन लावल्या." त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईचं समाधान होतं. "बटण तूच दाखवलं होतंस मागं. हिरवं. चारही दिवे लागेपर्यंत हलले नाही. चांगल्या आहेत ना?"

अश्लेषानं समोर पाहिलं. सोहम पोळीचा तुकडा रसात बुडवत होता. त्याचा पाय पाटाच्या कडेला हलत होता. त्यानं मान वर केली नाही.

"चांगल्या आहेत," ती म्हणाली.

"मग त्या घमेल्यातल्या दोन?"

"त्या जुन्याच होत्या. जायच्याच होत्या."

"बघा. सणाचं भरलेलं कधी वाया जात नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि पळीभर रस तिच्या वाटीत पडलाच.

हात धुताना अश्लेषानं अंगणात भावाला गाठलं.

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? आईनं पितरांची घागर भरली, त्यात दोन बॅटऱ्या गेल्या?" त्यानं चूळ भरली. "आणि तसाही मी भरतोच. ह्या वेळी नाही भरल्या, एवढंच."

"मी तुला बोलले."

"बोलतेच तू. मी काही लावून घेतो का?"

त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्यानं काढून पाहिला, अंगठ्यानं बंद केला आणि परत खिशात टाकला. अश्लेषाला नंबर दिसला नाही, पण ओळखायला नंबर लागत नव्हता. पुण्यातली एक कंपनी ड्रोननं रस्त्यांची आणि खाणींची मोजणी करायची. त्यांना उडवणारा माणूस हवा होता. त्यांनी सोहमला बोलावलं होतं, पाहिलं होतं, आणि आता उत्तराची वाट पाहत होते. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. मोरोपंतांनी न विचारता पंचांगही पाहून ठेवलं होतं.

"काय कळवलं त्यांना?"

"बघू."

"बघू म्हणजे काय दादा? हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू." तो फाटकापर्यंत गेला, तिथून परत आला, पुन्हा फाटकाकडे गेला. "मला काहून घाई करून राहिली तू?"

घाई ती करत नव्हती. तिला फक्त एका जागी उभं राहायला आकडा हवा होता. सोहम गेला तर ड्रोन विकायचा, हे घरात कोणी बोललं नव्हतं. ते सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. उडवणाराच नसेल तर यंत्र कशाला, आणि यंत्रच नसेल तर बॅटऱ्या कशाला? तिच्या बॅगेत, ओल्या टॉवेलच्या आणि मावशीनं दिलेल्या लोणच्याच्या मधोमध, पायलटचं प्रमाणपत्र होतं. ट्रेनिंग कसं झालं हे घरी आल्यापासून तिघांनी विचारलं होतं. प्रमाणपत्र दाखव असं कोणी म्हटलं नव्हतं.

*

फोन खरंच आला. दुसऱ्याच दिवशी, अंजनगाव सुर्जीकडून. सहदेवभाऊंचा एक एकर उन्हाळी भुईमूग होता आणि त्यावर अळी पडली होती.

दोघं शेत पाहायला स्कूटरवर गेली. फवारायच्या आधी बांध, तारा, झाडं पाहून घ्यावी लागत. सहदेवभाऊ विहिरीच्या कडेला वांग्यांची पाटी भरत बसले होते. त्यांनी हातातलं वांगं पाटीत टाकलं आणि धोतराला हात पुसत उठले.

"या साहेब, या. ताई, तुमीबी आल्या का? अवं माणिक, पानी आन!"

भुईमूग उशिरा पेरलेला होता. वेल जमिनीवर गच्च पसरले होते आणि त्यांच्या आऱ्या, म्हणजे शेंगा धरायला खाली उतरणाऱ्या बारीक दांड्या, नुकत्या मातीत शिरत होत्या. अश्लेषा सरीच्या कडेला उकिडवी बसली. एक आरी तिनं नखाच्या टोकानं उचलून पाहिली आणि जिथल्या तिथं टेकवली.

"म्हून तं तुमाले बलावलं," सहदेवभाऊ म्हणाले. "पाठीवर पंप घेऊन मानूस आत घातला की आऱ्या तुटल्या समजा. अन् मानूस भेटते कुठं ह्या उनात? अळी पाह्यजा. आज-उद्यात नाई मारली तं मले पाला उरते अन् तिले शेंगा."

"परवा सकाळी येतो भाऊ," सोहम म्हणाला. तो बांधावरून लांबच्या तारांकडे पाहत होता, एका जागी न थांबता. "सहाला सुरू. वारं सुटायच्या आत मोकळं."

माणिकबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. अश्लेषाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हसल्या.

"ह्या ताई काय करते?"

"बॅटऱ्या सांभाळते," सोहम म्हणाला.

"बॅटऱ्या? अन् उडवत नाई?"

अश्लेषा तांब्या वर धरून पाणी पीत होती. तिनं पाणी पिणं थांबवलं नाही.

"तिच्याजवळ सर्टिफिकेट आहे आता," सोहम म्हणाला. "अकोल्याहून आणलं."

"मंग?"

"मग काय?"

"मंग उडवू द्या ना तिले! आमची रागिनी बुलेट चालोते इथून अंजनगावापावतर. गावानं पयले तोंडात बोटं घातली, आता तिलेच म्हनते, माय, मले स्टँडवर सोडून दे."

"माणिक, तू चूप बस," सहदेवभाऊ म्हणाले. "गोष्ट बुलेटची नाई. माझा वर्साचा भुईमूग आहे. साहेबाचा हात बसेल आहे. काऊन साहेब?"

सोहम चपलेनं बांधावरचं एक ढेकूळ फोडत होता.

परतताना दोघं रसवंतीवर थांबली. बैल नव्हता, मोटर होती, पण घुंगरू तेवढे चाकाला बांधून ठेवले होते. रस येईपर्यंत अश्लेषाचे दोन्ही अंगठे बाकाच्या कडेवर चालत होते: डावा वर-खाली, उजवा डावीकडं-उजवीकडं. रिमोटच्या दोन दांड्यांवर चालतात तसे. सोहमची नजर तिथं गेली तेव्हा तिनं हात मांडीवर घेतले.

"उद्या चार बॅटऱ्या अर्ध्या करते," ती म्हणाली. "एक एकराला एक टाकी. एका टाकीला दोन बॅटऱ्यांची एक जोडी. तेवढीच भरलेली राहू दे. बाकीच्या उगाच ताणून कशाला ठेवायच्या?"

"नको. सहाही राहू दे भरलेल्या."

"कशाला पण?"

"वारं आलं अन् अर्ध्यातून उतरवावं लागलं तर? शेजारच्यानं म्हटलं, माझ्यावरूनही फिरवा, तर? जवळ असलेलं बरं."

"दोन आधीच गेल्या दादा."

"जाऊ दे गं. गेल्या तर गेल्या." त्यानं रस एका दमात संपवला, ग्लास उलटा करून शेवटचा थेंब पाहिला. "मला तू एक सांग. ती तुझी अर्धी ठेवलेली बॅटरी असते, ना इकडची ना तिकडची. तिला बरं वाटत असेल का तसं?"

"तिला काही वाटत नाही. ती टिकते."

"टिकते," तो म्हणाला. "टिकून करते काय पण?"

तिनं ग्लासातला बर्फ गरगर हलवला. मग न थांबता, एका श्वासात म्हणाली, "दादा, तू जातो आहेस का? जात असशील तर सांग. राहत असशील तर सांग. मला दोन्ही चालते."

सोहम हसला. पाठीमागं घुंगरू खुळखुळले, कुणाचा तरी ऊस चरकात गेला.

"दोन्ही कसं चालते गं तुला?"

"नाही चालत. पण सांग."

त्यानं किल्ली बोटात घातली. फिरवली मात्र नाही.

"त्या बाईनं विचारलं ना, 'मंग?' म्हणून," तो म्हणाला. "मला तेव्हा काही सुचलं नाही." आणि मग, स्कूटर सुरू करताना, "चल, ऊन वाढून राहिलं."

*

दुसऱ्या दिवशी अश्लेषाचे राजापेठेतल्या क्लासला दिवसभर तास होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तिथं बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायची. दुपारी वीज गेली, पंखे थांबले, आणि ती घामेजल्या हातानं फळ्यावर सरल आवर्त गती समजावत राहिली: मध्यबिंदूपाशी वेग सगळ्यात जास्त, टोकाला गेलं की क्षणभर शून्य. मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, मग ते थांबते केव्हा?" ती म्हणाली, घर्षण असलं की थांबते. सांगता सांगता तिचं लक्ष खिडकीबाहेर, रस्त्यावरच्या प्रत्येक स्कूटरकडे होतं.

सुटल्यावर ती गर्दीतून भरभर चालत घरी आली. दिवेलागणीची वेळ होती. सोहमची स्कूटर फाटकाच्या आत उभी होती आणि किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगलेली होती. त्या खिळ्याला किल्ली टांगलेली तिनं कधी पाहिली नव्हती. ती नेहमी त्याच्या बोटात असायची.

सरोजिनीबाई देवापुढं निरांजन लावत होत्या.

"दादा कुठं आहे?"

"अकोल्याला गेला. मित्राकडे म्हणाला. आत्ताच, सहाच्या बसनं." त्यांनी काडी विझवली. "दिवसभर मात्र गुणी पोरासारखा घरात होता बाई. सकाळी तू गेल्यापासून मागच्या खोलीत पेटीपाशी बसलेला. ऊठ नाही, बैस नाही. चहासुद्धा तिथंच घेतला. मी दोनदा डोकावले, तर बॅटरीवर हात ठेवून बसलेला, ताप बघतात तसा."

"पेटीपाशी?"

"हो ना. आणि निघताना काय म्हणावं, हातावर दही मागितलं. मी म्हटलं, अरे, अकोल्याला जायला कोणी दही घेतं का, तासा-दोन तासांचा रस्ता. तर म्हणे, दे ना आई. दिलं. तुझ्या बाबांच्या पायाही पडला. ते पोथीत होते, त्यांना वाटलं वाढदिवस आहे."

"उद्याचं काय म्हणाला? सहदेवभाऊंचं?"

"काही नाही. हां, त्या टेम्पोवाल्या शुभमला फोन केला म्हणाला. त्याचा छोटा हत्ती पहाटे साडेतीनला दारात येईल, ड्रोन चढवायला. तुला सांगायला सांगितलं." सरोजिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तो तिकडून परस्पर शेतावर येणार असेल ना?"

अश्लेषा मागच्या खोलीत गेली. दिवा लावला.

खोलीत गरम प्लॅस्टिकचा मंद वास होता. चार्जरच्या वायरी सोडवून, गुंडाळून, रबर लावून ठेवल्या होत्या. पेटीशेजारी चहाची कपबशी होती, धुतलेली, पालथी. फरशीवर पाट होता आणि पाटामागच्या भिंतीवर टेकलेल्या पाठीचा घामाचा ठसा अजून अर्धवट ओला होता.

तिनं पाटावर बसून पेटीचं झाकण उघडलं. सहा बॅटऱ्या. चार डावीकडच्या कप्प्यांत, सलग. मग दोन कप्पे रिकामे. मग दोन, उजव्या टोकाला, एकमेकींशेजारी.

पहिलीवर हात ठेवला. गार होती. बटण दाबलं. दोन दिवे लागले.

दुसरी. दोन.

तिसरी. दोन.

चौथी. दोन.

तिचे अंगठे पेटीच्या काठावर टेकले आणि तिथंच थांबले. बाहेर आई आरती म्हणत होती, मधेच बाबांचा आवाज तिच्यात मिसळला, एका कडव्यापुरता. अश्लेषानं उजव्या टोकाच्या दोघी उचलून मांडीवर घेतल्या. त्या अजून कोमट होत्या.

तिनं खिशातून मीटर काढला. डावीकडून सुरुवात केली, प्रत्येक बॅटरीची पिन पुसून लावली, आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, मग पुढच्या बॅटरीकडे वळली.

३.८५.

३.८५.

३.८४.

३.८५.

४.२०.

४.२०.